आधी अडचण, मग ॲप : सॉफ्टवेअर घडवण्याविषयीचे गैरसमज

सॉफ्टवेअर फसते ते कोड चुकल्यामुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नेमके काय बनवायचे हे ठरवणे हाच या कामातला सर्वांत कठीण भाग असतो, असे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये मांडले. ते आजही तितकेच खरे आहे. महाराष्ट्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ई-पीक पाहणी, शेतातल्या पिकाची नोंद मोबाइलवर करण्याचे ॲप. महसूल आणि कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार केलेले हे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर वापरात आले. बुलढाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांत सोयाबीन, कपाशी, तूर, हरभरा पिकवणाऱ्यांची नुकसानभरपाई आणि हमीभावाने विक्री या नोंदीशी जोडलेली असल्याने तिथे चूक झाली तर ती थेट घरच्या जमाखर्चात उतरते.

गैरसमज : लोक जे मागतात तीच त्यांची अडचण असते.

वस्तुस्थिती : मागणी हा बहुतेक वेळा मागणाऱ्याने स्वतःच सुचवलेला उपाय असतो. अडचण त्याच्या मागे दडलेली असते आणि ती उकरून काढावी लागते. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी एकाच बिघाडाबद्दल पाच वेळा ‘का?’ विचारण्याची पद्धत रुजवली, ती याचसाठी. सातबारातला गाव नमुना ७ जमिनीवरचा हक्क सांगतो आणि नमुना १२ त्यावरचे पीक. पूर्वी नमुना १२ तलाठी भरत. एका सज्जात, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात, अनेकदा एकाहून अधिक गावे असत आणि पेरणी ते काढणी या मुदतीत प्रत्येक गटावर एकट्याने पोचणे अवघड होते. मग नोंद अंदाजावर जाणार, हे उघड आहे. ‘नोंदी संगणकावर आणा’ एवढीच मागणी मान्य करून तलाठ्याच्या हाती वहीऐवजी टॅब दिला असता, तर तीच चूक फक्त अधिक वेगाने झाली असती. अडचण कागदाची नव्हतीच. उभे पीक रोज पाहणाऱ्या माणसाकडे नोंदीचा अधिकार नव्हता. तो खातेदाराला देण्याचा निर्णय या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा ठरतो, आणि त्यासाठी कोडची एक ओळही लागत नव्हती.

गैरसमज : सर्व अपेक्षा लेखी मिळाल्या की सगळ्यांना एकच गोष्ट समजली.

वस्तुस्थिती : एकच कागद वाचून टीममधली माणसे वेगवेगळी चित्रे मनात धरतात. महसूल खात्याच्या दृष्टीने शेतकरी म्हणजे सातबारावरचा खातेदार. कृषी सहायकाच्या दृष्टीने तो प्रत्यक्ष जमीन कसणारा, मग ती बटईची का असेना. प्रोग्रामरच्या दृष्टीने तो मोबाइल क्रमांकाला जोडलेले एक खाते. एकाच गटात चार भावांचे हिस्से असतील, थोरला गावात आणि धाकटा पुण्यात नोकरीला असेल, तर या तिन्ही व्याख्या एकमेकींशी भांडतात. पिकाचेही तसेच. बुलढाण्यात सोयाबीनमध्ये तुरीचे तास घालणे ही नेहमीची रीत आहे. ‘एक गट, एक पीक’ असे गृहीत धरलेला तक्ता इथे पहिल्याच शेतात अडतो. १ ऑगस्ट २०२२ रोजी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदवण्याची सोय देण्यात आली. ही शहाणपणाची सुधारणा शेतातल्या वस्तुस्थितीतून आली. नुसत्या दस्तऐवजाच्या वाचनातून ती सुचणे कठीण.

गैरसमज : अडचण समजून घेणे हे विश्लेषकाचे काम, प्रोग्रामरने सांगितले तेवढे करावे.

वस्तुस्थिती : शेकडो बारीक निर्णय कोड लिहिताना प्रोग्रामरच घेत असतो. नेटवर्क तुटले तर भरलेली माहिती राहणार की पुसली जाणार? फोटो किती जड चालेल? चुकलेली नोंद बदलता येईल का? अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केले आहेत, आणि उत्तरेला जळगाव जामोद, संग्रामपूर तालुके सातपुड्याच्या पायथ्याला टेकले आहेत. अशा मुलखात काही बांधांवर मोबाइलची रेंज मिळतच नाही, हे ज्याने पाहिले तो माहिती आधी फोनमध्ये साठवून नंतर पाठवण्याची सोय पहिल्याच दिवशी करतो. ज्याने पाहिले नाही, त्याला ती किरकोळ बाब वाटते. म्हणून टीममधल्या प्रत्येकाने, परीक्षण करणाऱ्यानेसुद्धा, एकदा तरी बांधावर उभे राहायला हवे.

गैरसमज : अडचण समजून घेण्याचा टप्पा सुरुवातीला एकदा उरकला की झाले.

वस्तुस्थिती : आधी सर्व समजून घ्यायचे आणि मग बनवायचे, या सरळ उतरत्या पद्धतीचा उगम म्हणून विन्स्टन रॉयस यांच्या १९७० च्या लेखाकडे बोट दाखवले जाते. रॉयस यांनी मात्र त्याच लेखात ही साधी मांडणी धोक्याची असल्याचे बजावले होते. वापर सुरू झाल्यावर अडचणीचा पुढचा पदर उघडतो. ई-पीक पाहणीत तो स्मार्टफोन नसलेल्या, किंवा असूनही तो सफाईने वापरता न येणाऱ्या खातेदारांचा होता. नंतर शेतकऱ्यांसाठीची मुदत संपल्यावर उरलेल्या क्षेत्राची नोंद सहायकांमार्फत करण्याची पद्धत आली. दुसऱ्या आवृत्तीत चुकलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करण्याची मुभाही मिळाली.

गैरसमज : तक्रारी येतात कारण वापरणारे अडाणी असतात.

वस्तुस्थिती : अनेकांचे बोट एकाच ठिकाणी चुकत असेल, तर चूक त्या ठिकाणाची आहे. ‘शेतकऱ्यांना प्रशिक्षण द्या’ हा शेरा मारण्याआधी टीमने ॲपचा तो पडदा पुन्हा तपासावा.

गैरसमज : काम मागे पडले की माणसे वाढवावीत.

वस्तुस्थिती : उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, हे ब्रुक्स यांनीच १९७५ मध्ये नोंदवले. नव्या माणसाला अडचण पुन्हा पहिल्यापासून समजावावी लागते आणि तो वेळ जुन्याजाणत्यांचाच जातो.

गैरसमज : जितके डाउनलोड, जितक्या नोंदी, तितके यश.

वस्तुस्थिती : संख्या वापर मोजते, अडचण सुटली की नाही ते मोजत नाही. सोयाबीन उभे असलेल्या गटावर कपाशीची नोंद झाली, तर एकूण आकडा वाढतो आणि हमीभाव खरेदी केंद्रावर शेतकरी अडकतो. दुसऱ्या आवृत्तीपासून शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानली गेली आणि तलाठ्याने १० टक्के नोंदींची पडताळणी करावी असे ठरले. टीमसाठी खरे मोजमाप तिथे आहे : त्या १० टक्क्यांत नोंद आणि शेतातले पीक किती ठिकाणी जुळले नाही, आणि का.