पेशीची रचना आणि सिकलसेलचा आजार

शाळेत असताना पेशीची आकृती काढून तिच्या भागांना नावे देण्याचे काम आपण सर्वांनीच केलेले असते. परीक्षा झाली की ती आकृती वहीतच राहते. परंतु त्या आकृतीचा आपल्या घराशी आणि लग्न जुळविण्याच्या बैठकीशीही निकटचा संबंध आहे. तो समजावून देण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

इ. स. 1665 मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांना त्याने 'सेल' असे नाव दिले. पुढे 1838-39 मध्ये श्लायडेन व श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी सर्व वनस्पती व प्राणी पेशींचेच बनलेले असतात, असा सिद्धांत मांडला.

पेशीला बाहेरून पातळ पटल असते. काय आत घ्यावे व काय बाहेर टाकावे, हे ते ठरविते. आत पेशीद्रव असतो. त्यातील तंतुकणिका अन्नापासून ऊर्जा तयार करतात, तर रायबोसोम प्रथिने बनवितात. मध्यभागी बहुधा केंद्रक असते. माणसाच्या पेशीच्या केंद्रकात 46 गुणसूत्रे असतात, त्यांतील निम्मी आईकडून व निम्मी वडिलांकडून आलेली. गुणसूत्रांवरील जनुके म्हणजे प्रथिने कशी बनवावीत याची लेखी आज्ञाच होय.

आता तांबडी रक्तपेशी पाहू. ती दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेल्या चकतीसारखी असते. परिपक्व झाल्यावर तिच्यात केंद्रक उरत नाही, तंतुकणिकाही नसतात. ही सारी जागा हिमोग्लोबिन या प्रथिनासाठी मोकळी झालेली असते. हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू घेऊन शरीरभर पोहोचविते. ही पेशी लवचीक असल्याने केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. तिचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असते.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात. त्यांपैकी बीटा साखळीत 146 अमायनो आम्ले ठरलेल्या क्रमाने गुंफलेली असतात. सिकलसेलच्या आजारात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच! परंतु प्राणवायू कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या कांड्या बनतात आणि गोल पेशी विळ्याच्या आकाराची व कडक होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, रक्तपुरवठा थांबतो व हाडे-सांध्यांत असह्य वेदना होतात. या पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होत असल्याने रक्तक्षय होतो, डोळे पिवळे दिसतात.

अशा वेळी कोणी बाहेरची बाधा म्हणते, कोणी अंगारा लावते आणि सुनेचा पायगुण वाईट ठरविणारेही भेटतात. हे सर्व चूक आहे. हा आजार स्पर्शाने होत नाही. दोष असलेले जनुक आई व वडील या दोघांकडूनही मिळाले तरच मुलाला हा आजार होतो. मग एकट्या आईला दोष कसा देता येईल? एकाकडूनच मिळाले तर ती व्यक्ती 'वाहक' असते. वाहक सहसा निरोगीच असतो. मात्र दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के व पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के असते.

हे जनुक आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा परिसर व भारतात आढळते. वाहकाला गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. त्यामुळे मलेरियाच्या प्रदेशांत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. जातीच्या उच्चनीचतेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. महाराष्ट्रात नंदुरबारकडील भिल्ल, पावरा, विदर्भातील गोंड आदी जमाती आणि विदर्भातीलच आपल्या बौद्ध समाजातही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. नात्यागोत्यात व एकाच समाजात विवाह होत राहिल्याने दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते.

उपाय आपल्या हाती आहे. रक्ताची साधी प्राथमिक तपासणी व नंतर इलेक्ट्रोफोरेसिससारखी चाचणी केली की वाहक कोण व रुग्ण कोण ते कळते. केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यात तपासणीवर भर आहे. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, अतिश्रम व थंडी टाळावी, ताप आल्यास त्वरित दवाखाना गाठावा. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास वेदनेचे झटके कमी होतात.

आमची तरुण-तरुणींना व त्यांच्या पालकांना कळकळीची विनंती आहे की, पसंतीच्या बोलण्याआधी रक्ताचा अहवाल पाहावा. वाहक निघालेल्या मुलीला वा मुलाला नाकारू नये. दोघेही वाहक असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊन मगच निर्णय करावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, पेशीची आकृती यापुढे केवळ गुणांसाठी काढू नका. ती घरातील वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगा.