कौन्सिलातील प्रश्न आणि अड्यारचे घर

हिंदुस्थानच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला गेला तो १८९३ च्या फेब्रुवारी महिन्यात. साम्राज्याचे संरक्षण किंवा परराष्ट्रांशी असलेले संबंध यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. सरकारी अंमलदार फिरतीवर निघाले म्हणजे वाटेवरच्या खेड्यांतील दुकानदारांना त्यांच्या लवाजम्यासाठी शिधासामग्री पुरवावी लागे. या पद्धतीमुळे त्या गरीब दुकानदारांना जो जाच होई, त्याबद्दल भिंग्याच्या राजांनी सरकारला विचारणा केली होती. खेड्यातल्या वाण्याचे गाऱ्हाणे कलकत्त्याच्या त्या भव्य दालनात पोचले आणि सरकारला त्याचे उत्तर देणे प्राप्त झाले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

प्रश्न विचारण्याचा हा अधिकार १८९२ च्या कायद्याने दिला होता. परंतु तो अतिशय आखडत्या हाताने दिलेला होता. सभासदाने प्रश्न विचारावा, सरकारने लिहून आणलेले उत्तर वाचून दाखवावे आणि विषय तेथेच संपावा, अशी व्यवस्था होती. उत्तर अपुरे असले तरी त्यावर पुन्हा बोलण्याची सोय नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारण्याची मुभा मिळाली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. वरवर पाहता हा फरक नियमाच्या एका ओळीचा आहे. परंतु पहिले उत्तर कचेरीत बसून सावकाश तयार करता येते, उपप्रश्नाचे उत्तर मात्र मंत्र्याला उभ्या जागी द्यावे लागते, आणि त्याला आपल्या खात्याची खरी माहिती किती आहे हे तेथे उघड होते. प्रश्नोत्तरांच्या तासाचा प्राण उपप्रश्नात आहे, असे म्हणतात ते याचसाठी.

आजच्या लोकसभेत आणि आपल्या विधानसभेत हीच पद्धत पुढे चालू आहे. ज्या प्रश्नाचे तोंडी उत्तर हवे असते त्यावर चांदणीची खूण करतात, म्हणून तो तारांकित. ज्याचे लेखी उत्तर पुरते तो अतारांकित. लोकसभेत प्रश्नाची सूचना सामान्यतः पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते आणि एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. प्रश्नात उपरोध नसावा, कोणावर दोषारोप नसावा, केवळ मत विचारलेले नसावे, न्यायालयापुढे असलेल्या गोष्टीला त्यात स्पर्श नसावा, असे दंडक आहेत. थोडक्यात सांगायचे तर प्रश्नाने माहिती मागावी. त्याने हुकूम सोडता येत नाही, पैसा मंजूर होत नाही, मंत्री पदावरून दूर होत नाही. मग अशा निःशस्त्र साधनाचा उपयोग तो काय, अशी शंका कोणाच्याही मनात यावी. तिचे उत्तर नियमांच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा एका सभासदाच्या कारकिर्दीत शोधणे अधिक बोधप्रद होईल. ती कारकीर्द मद्रासची आहे आणि तिचे धागेदोरे त्या शहराच्या दक्षिणेस, अड्यार नदीच्या काठी वसलेल्या अड्यार या भागात गुंतलेले आहेत.

थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्य ठाणे म्हणून अड्यारचे नाव सर्वश्रुत आहे. तेथेच १९१७ च्या मे महिन्यात विमेन्स इंडियन असोसिएशन ही स्त्रियांची संस्था स्थापन झाली. डॉ. ॲनी बेझंट तिच्या अध्यक्षा होत्या आणि मार्गारेट कझिन्स तिच्या प्रमुख कार्यकर्त्या होत्या. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा, ही तिची एक मुख्य मागणी होती. १९२१ साली मद्रास इलाख्याने आणि पाठोपाठ मुंबई इलाख्याने तो अधिकार दिला. पुढे १९२६ साली स्त्रियांना कौन्सिलात बसण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा मद्रास कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची निवड झाली. ब्रिटिश हिंदुस्थानातील त्या पहिल्या स्त्री आमदार. १९२७ साली त्या कौन्सिलच्या उपाध्यक्षाही झाल्या.

मुथुलक्ष्मींचा जन्म १८८६ साली पुदुकोट्टई संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा कॉलेजचे प्रमुख होते. आई चंद्रम्माळ देवदासी समाजातून आलेल्या होत्या. मुलांच्या कॉलेजात मुलीला घ्यावे की नाही यावर गावात वाद माजला असता संस्थानाधिपतींनी परवानगी दिली म्हणून त्या शिकल्या, आणि १९१२ साली मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. रोग्याला पाहताना वैद्य जसे नेमके प्रश्न विचारतो, तशीच सवय त्यांनी कौन्सिलात नेली. शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय, गरीब मुलींना फीची माफी, हे त्यांच्या आस्थेचे विषय होते.

त्या वेळी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती होती. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, धर्मादाय संस्था ही खाती लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे, तर जमीनमहसूल, पोलीस, न्याय ही गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे होती. परिणाम असा होई की, एका विषयाचे धागे दोन्हीकडे पसरलेले असले तर सभासदाने कोणाला धरावे हेच ठरेना. देवदासींचा प्रश्न नेमका असा होता. मंदिरांचा कारभार मंत्र्यांच्या बाजूला, तर मंदिरात मुली वाहिल्या जातात त्याचा गुन्हा म्हणून तपास करणे पोलिसांच्या, म्हणजे राखीव बाजूला.

अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे किंवा विकत घेणे यांविरुद्ध दंडसंहितेत ३७२ आणि ३७३ ही कलमे पूर्वीपासूनच होती. कलमांकडे बोट दाखवून स्वस्थ बसणे कोणत्याही सरकारला सोपे असते. परंतु देवाला मुलगी वाहणे हा धार्मिक विधी म्हणून होई. पुढे तिचे काय होणार हे गावाला ठाऊक असले तरी त्या क्षणी विक्रीचा पुरावा कोणी द्यावा? अशा वेळी सभासदाने उत्तर ऐकून खाली बसायचे की पुढची पायरी चढायची, हा खरा प्रसंग असतो. मुथुलक्ष्मींनी १९२७ च्या नोव्हेंबरात ठराव आणला की, हिंदू मंदिरांत मुली वाहण्याची चाल बंद करण्यासाठी सरकारने कायदा करावा. कौन्सिलने तो मान्य केला.

तथापि खरी गाठ जमिनीत होती. देवळातील सेवेच्या मोबदल्यात देवदासींच्या घराण्यांकडे इनाम जमिनी असत. सेवा सोडली तर जमीन जाणार. जमीन राखायची तर पुढच्या पिढीतील एखादी मुलगी देवाला वाहिली पाहिजे. केवळ बंदी घातली असती तर ही कुटुंबे उपाशी पडली असती आणि चाल चोरून चालू राहिली असती. म्हणून १९२९ साली धर्मादाय कायद्यात मुथुलक्ष्मींच्या प्रयत्नाने जी दुरुस्ती झाली तिने जमीन आणि सेवा यांची फारकत केली. जमीन त्या स्त्रियांकडे राहिली आणि सेवेचे बंधन सुटले. एखाद्या अनिष्ट चालीचे मूळ हिशेबाच्या वहीत कोठे दडले आहे हे शोधून तेथे हात घालणे, याला कायदेकारीतील कसब म्हणतात.

याच काळात मुंबई कौन्सिलात दुसरे एक सरकारनियुक्त सभासद बसले होते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव त्याच कौन्सिलात १९२३ सालीच मंजूर करून घेतला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने तदनुसार चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहूनही ठेवले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले, आणि त्यानंतर न्यायालयातील वाद मुंबई हायकोर्टापर्यंत जाऊन १९३७ साली संपला. सभागृहातील शब्द आणि गावातील वर्तन यांच्यामध्ये किती अंतर असते, हे मोजायला याहून चांगले माप महाराष्ट्राला दुसरे सापडणार नाही.

मद्रासमध्येही तेच घडले. देवदासीबंदीचे स्वतंत्र विधेयक मुथुलक्ष्मींनी १९३० साली मांडले. पण त्याच वर्षी गांधीजींना अटक झाली आणि तिच्या निषेधार्थ त्यांनी कौन्सिलचा राजीनामा दिला. पाठपुरावा करणारा सभासद गेला आणि विधेयक मागे पडले. मद्रास इलाख्यात तो कायदा अखेर १९४७ साली झाला. मुंबई इलाख्याने आपला देवदासी संरक्षण कायदा त्याआधी १९३४ साली केला होता. मधल्या सतरा वर्षांत ज्या मुली वाहिल्या गेल्या त्यांचा हिशेब कोणत्याच अहवालात सापडायचा नाही.

परंतु राजीनामा देणारी व्यक्ती प्रश्न सोडून गेली नव्हती. त्याच सुमारास देवदासी घरांतील काही मुली आसरा शोधत त्यांच्या दाराशी आल्या. मुलींच्या वसतिगृहांत जातीची विचारपूस होई आणि या मुलींना कोठेच थारा मिळेना. मुथुलक्ष्मींनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतले, आणि त्यातून ‘अव्वै इल्लम’ ही संस्था उभी राहिली. अव्वै या प्राचीन तमिळ कवयित्रीच्या नावाने चाललेले हे घर अड्यारचे भूषण ठरले. बहिणीच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूचा घाव त्यांच्या मनात होता. त्या रोगासाठी स्वतंत्र रुग्णालय असावे ही त्यांची मागणी सरकारदरबारी दीर्घकाळ अडून राहिली; शेवटी लोकांकडून वर्गणी जमवून, १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसवून, १९५४ साली अड्यार येथेच १२ खाटांचे कर्करोग रुग्णालय सुरू झाले. पुढे ते देशातील एक अग्रगण्य संस्था झाले. १९६८ साली मुथुलक्ष्मी निवर्तल्या.

या कार्याला दुसरी बाजू नव्हती असे नाही. अनेक देवदासींनी स्वतः सरकारकडे अर्ज करून बंदीला विरोध केला होता. आम्ही संगीताच्या आणि नृत्याच्या उपासक आहोत, आम्हां सर्वांना एकाच दोषाने का मोजता, असा त्यांचा आशय होता. तो अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही. ज्यांच्याविषयी कायदा होत होता त्यांच्यापैकी कोणी त्या सभागृहात उभे राहून उपप्रश्न विचारू शकत नव्हते, ही त्या व्यवस्थेची उणीव होती. त्यांचे नृत्य मात्र नष्ट झाले नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली त्याच अड्यारमध्ये कलाक्षेत्र स्थापन केले आणि प्रतिष्ठित घरांतील मुली ते शिकू लागल्या. कला टिकली, पण जिने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली ती घराणी रंगमंचावरून मागे सरली.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे शस्त्र अधिक धारदार झाले. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसा का गुंतवला, अशी विचारणा लोकसभेत झाली. फिरोझ गांधी यांनी विषय लावून धरला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्यापुढे उघड चौकशी झाली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. उलटपक्षी, पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल २००५ साली संसदेच्या ११ सदस्यांना काढून टाकावे लागले, हेही विसरता येत नाही. २०२० साली साथीच्या काळात संसदेच्या एका अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास झालाच नाही, तेव्हा त्याची उणीव अनेकांना जाणवली.

प्रश्नाने सरकार हलतेच असे नाही. त्याने एवढेच होते की, जे उत्तर कचेरीच्या बंद खोलीत कोणालाच द्यावे लागले नसते ते सर्वांसमक्ष द्यावे लागते आणि दप्तरात नोंदले जाते. उद्या त्या उत्तराला धरून पुन्हा विचारता येते. ज्या मतदारसंघाला शाळेत शिक्षक नाही, दवाखान्यात औषध नाही, पाणवठ्यावर पाणी नाही, त्याने आपल्या आमदाराला निवडणुकीत दिलेली वचने तर आठवून द्यावीतच. पण गेल्या अधिवेशनात आपल्या गावाविषयी त्याने कोणता प्रश्न विचारला, उत्तर काय आले आणि त्यानंतर तो पुन्हा कधी उभा राहिला, हेही विचारावे.