अंजननामिका आणि लगण : भेद व चिकित्सा

पापणीवर गाठ आली की रुग्ण तिला सरसकट 'रांजणवाडी' म्हणतो. चिकित्सकाने मात्र तेवढ्यावर थांबून चालत नाही. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात 21 वर्त्मगत रोग वर्णिले असून त्यांपैकी अंजननामिका व लगण हे दोन आपल्याकडे नित्य येतात.

अंजननामिका ही रक्तज व्याधी होय. दाह, तोद, ताम्रवर्ण व मृदुता ही तिची लक्षणे. पापणीच्या केसांच्या मुळाशी होणारी 'स्टाय' तिच्याशी बरीच जुळते. लगण कफज असून ते कठीण, स्थूल, वेदनारहित, कंडूयुक्त व न पिकणारे, बोराएवढे असते. मायबोमियन ग्रंथीचे मुख अवरुद्ध होऊन स्निग्ध स्राव आत साचल्याने होणारे 'कॅलेझियन' ते हेच, असे आम्ही मानतो. सारांश, पाक आहे की नाही, हाच पहिला प्रश्न होय.

दोन्ही व्याधी भेद्य सांगितल्या आहेत. तथापि भेदनाची घाई नको. आमावस्थेत छेद घेणारा व पक्वावस्थेची उपेक्षा करणारा, दोघेही शास्त्राने दोषी ठरविले आहेत. प्रथम मृदु स्वेद द्यावा. स्वच्छ कापडाची घडी कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापणीवर 5 ते 10 मिनिटे, दिवसातून 3-4 वेळा ठेवावी. अंजननामिका बहुधा आठवड्याभरात फुटून शमते. लगणास काही आठवडे, क्वचित महिनेही लागतात. त्यात स्वेदनानंतर पापणीच्या कडेकडे हलके मर्दन करावे. गाळलेल्या त्रिफळा क्वाथाने पापण्या धुवाव्यात. गाठ बोटांनी पिळणे किंवा तीवर लवंग उगाळून लावणे यांस रुग्णाला स्पष्ट मनाई करावी.

प्रतिसारणार्थ ग्रंथोक्त द्रव्यांत अंजननामिकेसाठी मनःशिला, तर लगणासाठी तुत्थ आहे. पहिले सोमलयुक्त, दुसरे ताम्रयुक्त. नेत्रासारख्या मर्मस्थानी ती तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून वापरू नयेत, असे आमचे मत आहे. न विरणाऱ्या लगणाचे भेदन व लेखन शालाक्यतज्ज्ञाकडूनच करवावे. छेद पापणीच्या आतील बाजूने व कडेला लंब असा घेतल्यास शेजारच्या ग्रंथी वाचतात.

व्याधी पुनःपुन्हा होत असल्यास रक्तशर्करा, दृष्टिदोष व पापण्यांच्या कडांचा जीर्ण शोथ तपासावा. मोठ्या लगणाच्या दाबाने बुबुळाची वक्रता बदलून दृष्टी धूसर होऊ शकते, हेही ध्यानात असावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. उतारवयातील रुग्णात त्याच जागी लगण पुन्हा उद्भवत असेल, तेथील केस गळत असतील, पापणीची कड जाड वा व्रणयुक्त झाली असेल, किंवा एकाच डोळ्याची लाली उपचारांनी हटत नसेल, तर तो सिबेशियस ग्रंथींचा कर्करोग असू शकतो. पाश्चात्य देशांच्या तुलनेत भारतात पापणीच्या कर्करोगांत याचे प्रमाण अधिक आढळते. अशा रुग्णास आणखी एक महिना स्वेद व गुग्गुळकल्प देत बसणे म्हणजे त्याचा मोलाचा काळ दवडणे होय. काढलेला अंश ऊतीपरीक्षणास पाठविलाच पाहिजे. तसेच पापणी पूर्ण सुजणे, ज्वर, नेत्रगोल पुढे येणे, तो हलविताना वेदना किंवा दृष्टी मंदावणे, यांपैकी काही दिसताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे.

साध्य व्याधी साधी असते; परंतु ती साध्यच आहे याची खात्री करून घेणे हे वैद्याचे कर्तव्य होय.