चार महिन्यांची लावणी, आठ महिन्यांची राखण

मृग तोंडावर आला कीं आपल्याकडील वृक्षप्रेमास भरतें येतें. सभा भरतात, हारतुरे होतात, आणि पांचदहा प्रतिष्ठित मंडळींच्या हस्तें एक रोप मातींत ठेवलें जातें. १९५० सालीं केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सवाची प्रथा घालून दिली, तेव्हांपासून जुलैचा पहिला आठवडा या कार्यास वाहिलेला आहे. प्रथा स्तुत्यच आहे. परंतु मार्गशीर्षांत त्या रोपाची विचारपूस करणारा मनुष्य विरळा. झाड लावणें हें चार महिन्यांचें काम आहे, तें जगविणें हें आठ महिन्यांचें. ही गोष्ट ज्या मुलखास अनुभवानें पुरेपूर पटलेली आहे, त्या जव्हार-मोखाड्याचा दाखला पुढें ठेवून घरच्या बागेविषयीं चार शब्द वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जव्हार हें पूर्वीं मुकणे घराण्याचें संस्थान होतें. पुढें तो प्रदेश ठाणे जिल्ह्यांत आला व १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यांत मोडतो. जामसर हें याच तालुक्यांतील एक गांव. जव्हारचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीवर असून पाऊस वर्षास शंभर इंचांहून अधिक पडतो. एवढा पाऊस ऐकून परक्या माणसास वाटावें कीं, येथें पाण्याची वाण ती कसली! परंतु काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ आणि जमीन उताराची. त्यामुळें पडलेलें पाणी धांवत सुटतें व नद्यांस जाऊन मिळतें. फाल्गुन आला कीं विहिरींचे तळ दिसूं लागतात. ज्या वैतरणेचें पाणी मुंबई पिते, तिच्याच खोऱ्यांतील मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते.

येथील वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी लोकांस रोप वाढविण्याची विद्या कोणीं शिकवावयास नको. वैशाखांत राबाच्या जागीं शेण, पालापाचोळा व डहाळ्या पसरून जाळावयाच्या, त्या भाजलेल्या मातींत भाताचें व नागलीचें बीं पेरावयाचें, आणि पाऊस स्थिरावला म्हणजे रोपें उपटून आवणी करावयाची, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. अडचण आहे ती पुढच्या आठ महिन्यांची. भात घरांत आला कीं शेतांत काम उरत नाहीं व पाणीही उरत नाहीं. मग दिवाळीनंतर कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर निघून जातात. घरास कुलूप लागतें, शाळेंतील जागा रिकामी पडते, मुलांच्या आहाराची व औषधपाण्याची घडी विसकटते. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें झालेल्या बालमृत्यूंनीं सारा महाराष्ट्र हळहळला होता, हें वाचकांस स्मरत असेल. तेव्हां या मुलखांत झाडाचा प्रश्न हा केवळ शोभेचा नाहीं. घर उघडें राहतें कीं बंद होतें, याच्याशीं तो निगडित आहे.

या दुखण्यावर जो एक उपाय पुढें आला त्याचें नांव ‘वाडी’. उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं ‘बाएफ’ ही संस्था स्थापिली. तिनें १९८२ च्या सुमारास गुजरातेंतील वांसदा येथील आदिवासी शेतकऱ्यांत हा प्रयोग आरंभिला व पुढें जव्हार-मोखाड्याकडेही आणिला. सुमारें एक एकर उताराची जमीन घ्यावयाची, तींत आंबा व काजू यांचीं मिळून चाळीस ते साठ कलमें लावावयाचीं, कडेनें सरपणाचीं व चाऱ्याचीं झाडें, आणि कलमें मोठीं होईपर्यंत मधल्या जागेंत धान्य व भाजीपाला घ्यावयाचा, असें याचें स्वरूप आहे. १९९० पासून महाराष्ट्र सरकारनेंही रोजगार हमी योजनेस फळबागेची जोड दिली. कांहीं गांवीं बायकांच्या बचत गटांनीं कलमांच्या रोपवाटिका चालविल्या. पुढें या भागांत मोगरा आला. पहाटे न उमललेल्या कळ्या खुडावयाच्या व त्या मुंबईस दादरच्या फुलबाजाराकडे रवाना करावयाच्या. मोगऱ्याचा बहर ऐन उन्हाळ्यांत येतो; म्हणजे ज्या दिवसांत घर सोडून जावें लागे, त्याच दिवसांत दारीं रोकड येऊं लागते. ज्यानें डोक्यावरून पाणी वाहून झाड जगविलें, त्याचें घर त्या झाडानें उघडें ठेविलें, असेंच म्हणावयाचें!

आपल्या घरच्या बागेस एवढा कठीण प्रसंग नसतो, हें खरें. तरी या वाडीवाल्यांचा क्रम आपणही उचलण्याजोगा आहे.

वैशाख : खड्ड्यांचा महिना

पुष्कळ लोक आधीं रोप आणतात व मग खड्डा कोठें खणावा याचा विचार करतात. हा उलटा न्याय होय. आंब्यास तिन्ही बाजूंनीं तीन फूट व काजूस दोन फूट असा खड्डा उन्हाळ्यांतच खणून पंधरा दिवस तापूं द्यावा, म्हणजे किडींचा व बुरशीचा उपद्रव कमी होतो. नंतर वरची चांगली माती व कुजलेलें शेणखत मिसळून तो भरावा, आणि माती बसेल हें ध्यानीं घेऊन थोडा उंचच ठेवावा. शेणखत कच्चें असल्यास वाळवीस आमंत्रणच मिळतें.

अंतराविषयीं आमच्या पूर्वजांचा विचार पाहण्यासारखा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम व बारा हात कनिष्ठ असें तो सांगतो, आणि फांद्या व मुळें एकमेकांत गुंतलीं तर फळ नीट धरत नाहीं अशी सूचनाही देतो. वीस हात म्हणजे सुमारें तीस फूट. आजही आंब्याच्या मोठ्या कलमांस दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट अंतर ठेवण्याची जुनी शिफारस आहे. चौदा शतकांनंतरही हिशेब इतका जुळावा, हें नवल होय. ज्यांचें अंगण लहान आहे त्यांनीं आंब्याचा मोह सोडून शेवगा, कढीलिंब, लिंबू, पपई यांवर संतोष मानावा.

ज्येष्ठ-आषाढ : रोपवाटिकेची वारी

पहिल्या सरीस भुलून रोप लावूं नये. मृगाचा पाऊस दगा देतो. दोनतीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजली, म्हणजे आर्द्रांच्या सुमारास लागवड करावी. त्या आधीं एके रविवारीं सारीं लहानथोर मंडळी मिळून रोपवाटिकेंत जावें. मुलांस तेथें मुक्तद्वार असावें. मात्र खरेदी वडील माणसानें करावी. उंच व फोफावलेलें कलम पाहून भुलूं नये. सुमारें एक वर्षाचें, दीड फुटाच्या आसपासचें, सांधा पुरता जुळलेला व पानें तजेलदार असलेलें कलम निवडावें. पिशवीच्या तळाशीं मुळें वेटोळें घालून बसलीं असतील तर तें घेऊं नये. कोयीपासून वाढविलेला हापूस मूळ झाडासारखा निपजेल असा भरवसा नसतो व फळासही पुष्कळ वर्षें लागतात. म्हणून कलमच घ्यावें.

लावतांना पिशवी अलगद फाडून काढावी, मातीचा गड्डा फुटूं देऊं नये, आणि सांधा जमिनीच्या वर राहील असें पाहावें. सांध्याखालीं जे धुमारे फुटतात ते खुंटाचे असतात. ते वेळोवेळीं खुडावे, नाहींतर गांवठी खुंट माजतो व कलम मरतें. काठीचा आधार द्यावा. पहिलीं तीन वर्षें मोहोर आल्यास तो काढून टाकावा. घरांतील मुलें यावर रुसतील. पण लहान वयांत ओझें घातलेलें झाड पुढें खुरटतें, हें त्यांस समजावून द्यावें.

याच महिन्यांत वटपौर्णिमा येते. बाजारांतून वडाच्या तोडलेल्या फांद्या विकत आणून त्यांची पूजा करण्याचा प्रघात शहरांत पडला आहे. ज्या वृक्षाचें दीर्घायुष्य आपण मागतों, त्याचेच हात तोडून आणणें विसंगत नव्हे काय? जवळच्या वडापाशीं जावें. तें न जमल्यास घरींच प्रतिमा पुजावी.

श्रावण-भाद्रपद : रानाची व देवाची बाग

या दिवसांत परसांत काकडी, पडवळ, दोडका, कारलें, भेंडी यांची चंगळ असते. वेलांस मांडव आधींच घालावा. परंतु जव्हारकडील रान या दिवसांत न पेरतांच जेवूं घालतें. पहिल्या पावसाबरोबर शेवळें येतात, मग टाकळा, पुढें कुर्डू व कंटोळीं. शेवळें खाजरीं असल्यामुळें त्यांत काकडाचीं आंबट फळें घालावीं लागतात, हें तेथील प्रत्येक बाईस ठाऊक असतें. अलीकडे कृषिविभाग ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास ठिकठिकाणीं रानभाजी महोत्सव भरवितो. तेथें मुलांस अवश्य न्यावें. ओळख पटल्यावांचून मात्र रानांतील कोणतेंही पान तोंडांत घालूं नये.

गणेशचतुर्थीची पत्री हा तर वनस्पतिशास्त्राचा घरगुती धडाच होय. बाजारची बांधलेली जुडी आणण्यापेक्षां दूर्वा, आघाडा, माका, बेल, डाळिंब, जाई यांचीं पानें मुलांकडून ओळखवून जमवावीं. धोतरा, रुई व कण्हेर विषारी असल्यानें तीं मोठ्या माणसानेंच आणावीं.

कार्तिक ते पौष : भाजी, मोगरा, तुळस

पाऊस सरला कीं वांगीं, टोमॅटो, मुळा, मेथी, पालक, वाल यांचे वाफे करावे. पालेभाजी एकदम न पेरतां दहादहा दिवसांच्या अंतरानें थोडी थोडी पेरावी, म्हणजे मोठ्या कुटुंबासही रोज ताजी मिळते. मोगऱ्याचें पाणी कांहीं दिवस तोडून हिंवाळ्यांत त्याची छाटणी करावी, नंतर खत व पाणी द्यावें. न छाटलेला मोगरा नुसता पानांनीं भरतो. तुळशीच्या मंजिऱ्या पूजेसाठीं नियमानें खुडल्यास ती अधिक काळ टिकते. कांहीं मात्र बियांसाठीं राखाव्या.

पुण्यास एम्प्रेस गार्डनमध्यें प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतें. ही बाग चालविणारी संस्था १८३० सालापासूनची आहे. तेथें मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धाही होतात. असलीं प्रदर्शनें पाहावीं. पण कुंडींत फुललेलें रोप खरेदी करतांना तें उन्हाळा काढील काय, एवढा एक प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा.

माघ ते वैशाख : खरी परीक्षा

वराहमिहिर सांगतो कीं, लावलेल्या झाडांस उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, थंडींत एक दिवसाआड व पावसाळ्यांत माती सुकल्यास पाणी घालावें. पाण्याची टंचाई असेल तेथें वाडीवाल्यांची युक्ति करावी. झाडापासून हातभर अंतरावर मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, तळाशीं बारीक भोंक पाडून त्यांत सुती चिंधीची वात ओवावी, व तोंड झांकून ठेवावें. पाणी थेंबाथेंबानें मुळांशीं पोंचतें, उडून जात नाहीं. आळ्यांत पेंढा किंवा पालापाचोळा अंथरावा. तो जाळणें म्हणजे ओलावा व खत दोन्ही जाळणें. भाज्या धुतलेलें व डाळतांदळाचें पाणी अळवास व केळीस घालावें. पहिल्या उन्हाळ्यांत कोंवळ्या कलमास दक्षिण-पश्चिमेकडून सांवलीही करावी.

येथें एकत्र कुटुंबाचा मोठा लाभ आहे. सुट्टींत सारेच एकदम परगांवीं जात नाहींत. कोणीतरी मागें असतेंच. प्रत्येक मुलाकडे एकेक झाड सोंपवावें, व तें मूल गांवीं जाईल तेव्हां तें कोणाकडे राहील हेंही आधीं ठरवावें. वाढदिवशीं किंवा मुंजींत रोप भेट देण्याची चाल चांगली आहे. पण ज्याच्या घरीं आठ महिने पाणी घालणारा हात नाहीं, त्यास रोप न देतां पुस्तक द्यावें.

जव्हारचे धबधबे पाहण्यास पावसाळ्यांत हजारों लोक जातात. वाटेंत एखाद्या गांवच्या रोपवाटिकेंत चांगलें कलम मिळाल्यास तें अवश्य विकत घ्यावें. तेवढेंच कोणा घरास गांवांत राहण्यास बळ मिळेल. आणि जमल्यास तोच प्रवास एकदां फाल्गुनांत करावा. धबधबा तेव्हां कोरडा असेल. पण भर उन्हांत हिरवीं उभीं असलेलीं कलमें, त्यांच्या मुळाशीं पुरलेलीं मडकीं आणि दार उघडें असलेलें घर दृष्टीस पडेल. पावसाळ्यांतील शोभेपेक्षां तें दृश्य मुलांस अधिक शिकवील, असें आम्हांस वाटतें.