खाऱ्या वाऱ्यात कोणता पाइप?

एकीकडे अरबी समुद्र, दुसरीकडे मालाडची खाडी. मढच्या कोळीवाड्यात बोंबील वाळवणारा वारा लोखंडालाही सोडत नाही. हवेतलं मीठ भिंतीवरच्या जीआय पाइपवर बसतं, दमटपणाने ओलं होतं आणि गंज धरतो. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. पण प्लंबर आटे पाडतो तिथे तो मुलामाच कापला जातो. म्हणून गळती बहुधा सांध्यापाशी सुरू होते. आतून गंजाचे थर साचले की नळाची धारही बारीक होते, आणि आपण मात्र पालिकेला बोल लावतो!

प्लास्टिकला मीठ काही करत नाही. पण सगळं प्लास्टिक सारखं नव्हे. यूपीव्हीसी थंड पाण्यापुरतं. गरम पाण्याला सीपीव्हीसी चालतं. तापल्यावर ते लोखंडाच्या सुमारे पाचपट पसरतं. 3 मीटरची नळी 40 अंशांनी तापली तर जवळपास 7 मिलिमीटर लांबते. भिंतीत गच्च चिणलेली असेल तर तो ताण सांध्यावर येतो. उन्हाशी तर प्लास्टिकचं हाडवैरच. गच्चीवर उघडी टाकलेली नळी काही वर्षांत ठिसूळ होते.

तांबं उत्तम, पण खिशाला जड. माझं मत विचाराल तर मढसारख्या गावात घरात सीपीव्हीसी, गिझरच्या तोंडाशी पितळी जोड आणि गच्चीवरच्या नळीला रंगाचा हात. घेताना पाइपवर 'आयएस 15778' हे सीपीव्हीसीचं भारतीय मानक छापलंय का, तेवढं वाचून घ्या.