गायरान, शेळी आणि विळा

गावकीचा गुराखी आता क्वचितच दिसतो. सकाळी वेशीत गुरे सोडायची, त्याने ती माळावर न्यायची, दिवेलागणीला परत आणायची आणि सुगीत धान्य घ्यायचे, अशी ती रीत. ही व्यवस्था सामुदायिक होती असे आपले विद्वान कौतुकाने लिहितात. गुरे कुणाची आणि वळणारी पोरे कुणाची, हे मात्र लिहीत नाहीत. माझी आजी दुसऱ्याची गुरे वळून भाकरी मिळवी. त्यातलेच एखादे मेले की ओढून नेणे महारवाड्याच्या माथी. चराईच्या इतिहासात हे पान नसते.

माळ आटत गेला तो अनेक बाजूंनी. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलातली चराई सरकारच्या मर्जीवर गेली. गावाजवळ उरले गायरान. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम २२ गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवते. त्याच गायरानावर भूमिहीनांनी दगड वेचून जोंधळा पेरला. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह पडीक जमिनीसाठीच होते. १४ एप्रिल १९९० पर्यंतची लागवड नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितली. भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात आहे, पण तो वाचतो कोण?

दरम्यान राळेगणसिद्धी, हिवरे बाजार येथून चराईबंदी आली. तिचे शास्त्र खरे आहे. गवत बी धरण्याआधीच खुडले गेले तर पुढच्या साली विरळ उगवते, मुळे सुटली की उतारावरची माती वाहते. म्हणून माळ बंद ठेवायचा, विळ्याने गवत कापून दावणीला आणायचे. गवत वाढले, दूधही वाढले.

पण दावण कुणाच्या दारी आहे? कापलेले गवत गाई-म्हशीला पुरते. शेळी हिंडून पाला ओरबाडणारी, आणि भूमिहीन बाईची ठेव तीच. आजारपण आले की ती बोकड विकते. चराईबंदीच्या ठरावाने पहिली विकली जाते ती शेळी. माळाचे तुकडे पाडून पाळीपाळीने एकेक बंद ठेवला तर गवतही येते, शेळीही जगते. ग्रामसभेत तसे मांडायला त्या बाईने उभे राहावे लागते, आणि ठराव बहुधा ती मजुरीला गेलेली असतानाच होतो.