लाकडाचा वाक

डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात एल्मच्या लाकडाचं एक धनुष्य आहे. १९४४ साली झीलंड बेटावर, होल्मेगार्डच्या दलदलीत ते सापडलं. वय सुमारे ९००० वर्षं. मुठीशी निमुळतं, दोन्हीकडे रुंद, चपट्या भुजा. नवशिक्यानं पहिलं धनुष्य करताना असाच चपटा घाट निवडावा. रुंद भुजेत ताण जास्त लाकडावर वाटला जातो आणि हाताची लहानशी चूक लाकूड पोटात घालतं.

धनुष्याला पोट असतं, पाठही असते. दोरीकडची बाजू पोट, लक्ष्याकडची पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. म्हणून एल्म, अ‍ॅश किंवा हिकरीचा वाळलेला, सरळ रेषांचा, बिनगाठीचा दांडा घ्यायचा आणि पाठीवर वाढीचं एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राखायचं. कानस त्या वलयाच्या आरपार गेली, तर फाटण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. लाकूड उतरवायचं ते पोटाकडून.

मग येतं टिलरिंग, म्हणजे दोन्ही भुजांचा वाक जुळवणं. मूठ आधारावर ठेवून दोरी थोडीशी ओढायची, लांब उभं राहून वाक न्याहाळायचा. जी जागा ताठ, तिथे पेन्सिलीची खूण करून हलकेच खरवडायचं. जी आधीच जास्त वाकते, तिला हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी पंचवीस-तीसदा ओढून सोडायचं, कारण खरवडल्याचा परिणाम लाकूड लगेच दाखवत नाही. वाक जुळेपर्यंत पुढे ओढायचं नाही. हा धीर लागतो, कारण हिशेब कडक आहे: रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. जाडीचा दहावा भाग गेला, की त्या जागेचा पाव हिश्श्याहून जास्त ताठपणा गेला.

इंग्लंडमध्ये रॉजर अ‍ॅस्कमनं १५४५ साली 'टॉक्सोफिलस' या ग्रंथात हेच बजावलं होतं: धनुष्य कुठे जास्त वाकतं ते पाहा आणि वेळीच इलाज करा. त्याच वर्षी आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' जहाज बुडालं. त्याच्या अवशेषांतून यू लाकडाची १७२ धनुष्यं वर आली. सातपुड्यातले भिल्ल बांबूचं धनुष्य करतात, दोरीही बांबूच्याच कामटीची लावतात. लाकूड कुठलंही असो, जी जागा एकटी वाकते ती आधी मोडते.

पहिलं धनुष्य मोडलं तर जाळू नका. तुटलेली जागा उजेडात धरा. वलय कापलं होतं की पोट जास्त खरवडलं होतं, ते तिथे दिसेल. मग दुसरा दांडा घ्या. थोडं खरवडा, तीसदा ओढा, आणि मगच पुन्हा कानस उचला.